हळक्या

सौदे उरकल्यावर मार्केट यार्डात
पोत्यांच्या थप्पीआड तो सापडला,
शेपटापासून मिशांपर्यंत पिवळाजर्द.
नाव ठेवलं हळकुंड.
घरी आणून न्हाणीत धुतला
तर आतून पांढरा निघाला, एका कानावर तपकिरी डाग.
सुनंदा म्हणाली, घ्या, पी हळद नि हो गोरी!
नाव तेवढं पिवळंच राहिलं.

आईनं पहिल्याच दिवशी बजावलं,
या घरात दिवेलागणीनंतर कुणी जेवत नाही.
तेव्हापासून समोरच्या टाकीवरनं ऊन उतरायला लागलं
की हा ताटली तोंडात धरून उंबऱ्यात हजर.
भाकरी, ताक, दोडक्याच्या सालीसुद्धा.
आई गल्लीभर सांगते, मागच्या जन्मीचा श्रावक आहे.
रात्री दहाला कोपऱ्यावरच्या आम्लेटच्या गाड्याकडनं
मिशा चाटत श्रावक परततो,
तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून
णमोकार जरा मोठ्यानं म्हणते.

मी अडत्या नव्हे, पेढीचा मालक नव्हे.
नाकावर पोट भरणारा माणूस.
हळकुंड मोडायचं, हुंगायचं, सांगायचं:
ही राजापुरी, ही सेलम,
ही गेल्या सालची, मिसळलीय,
हिला शिजवताना घाई झाली.
तीस वर्षं.
मग तो ताप आला. सगळ्यांना आला होता तोच.
जाताना मला ठेवून गेला, वास घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले, येईल.
भूपालशेठ म्हणाले, येईल, तोवर वजनं लिहीत बस.
हात मोडला तर गळ्यात बांधून हिंडता येतं,
नाक गेलेलं कुणाला दाखवणार?
चहा म्हणजे नुसतं गरम पाणी.
एकदा दूध उतू जाऊन पातेलं काळंठिक्कर पडलं
आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलेलो.
हळक्यानं लेंग्याचा पाय धरून
ओढत नेलं मला गॅसपाशी.

तेव्हापासून तो हुंगायचा, मी बघायचो.
दहा पावलं झाली की थांबा.
विजेच्या खांबापाशी सविस्तर वाचन,
रद्दीवाल्याच्या पायरीवर उजळणी,
कुणाच्या तरी तुटक्या चपलेत तर असा रमला
जणू अख्ख्या तालुक्याची बातमी तिथंच छापलीय.
मी दोरी धरून उभा.
इतका वेळ कामाशिवाय कुठं उभा राहिलो नव्हतो कधी.
उभं राहिल्यावर दिसायला लागलं:
भडंगवाल्याची बायको कढईत लसूण टाकण्याआधी
ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटते.
मिरजेहून आलेला पोरगा रिक्षात
तारा नसलेला तंबोरा मांडीवर घेऊन बसलाय,
वळणावर त्याची मान सावरतोय.
हे रोजच होत असणार.
मी घाईत जायचो, तेव्हाही.

चौदा महिने.

मग एका मंगळवारी, सणवार नाही, काही नाही,
सरकारी घाटावर बगळ्यामागं धावताना
हळक्या धाडदिशी कृष्णेत.
वर आला तो गाळ आणि शेवाळ पांघरून,
अंग झाडलं ते माझ्यापाशी येऊनच,
आणि घशाच्या मागं कुठंतरी
एक आंबूस, कुजकट, ओलं काहीतरी
हललं.
मी त्याच्या मानेत नाक खुपसलं.
धुणं धुणाऱ्या बायका थांबल्या.
"चावलं का हो दादा?"
मी म्हटलं, घाण वास येतोय.
म्हटलं, लई घाण वास येतोय हो!
यात डोळे पुसण्यासारखं काय
ते त्यांना कळेना.

घरी सुनंदानं बादली भरली, साबण काढला.
मी म्हटलं, आज नको. उद्या धू.
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग बादली तुळशीला ओतली.

हळद अजून आलेली नाही.
रोज सकाळी एक हळकुंड मोडतो, हुंगतो.
काही नाही.
मग त्याच्या नाकापाशी धरतो.
तो हुंगतो, विचार करतो, शिंकतो.
शिंक जोरात आली तर माल चोख.
आजवर दोनदाच चुकलाय.
भूपालशेठना सांगू नका.